चपला बाहेर

गजभियेबाई आमच्या कम्प्युटरखोलीच्या दारात उभ्या राहून दोन प्रकारच्या चपला तपासत. पहिल्या पायातल्या. त्या काळी कम्प्युटरखोली म्हणजे देवघरच होतं. धूळ चालत नसे, साहेबसुद्धा बूट काढून आत येत. दुसऱ्या चपला डोळ्यांना दिसत नसत. त्या फ्लॉपीतून आत शिरत, आणि बाईंचा खरा दात त्यांच्यावर होता.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नागपुरातली आमची कचेरी कोळशाच्या ट्रकांचा हिशेब ठेवी, आणि त्या हिशेबाचा एकच प्रोग्राम आम्ही सगळे मिळून लिहीत होतो. त्याची अस्सल प्रत 'मास्टर' फ्लॉपीवर असे. दर शनिवारी आठवड्याचे बदल घालून नवी मास्टर निघायची, जुनी नंबर टाकून कपाटात जायची. काही बिघडलं तर मागच्या नंबराकडे परतता यावं, ही व्यवस्था बाईंची.

आता गंमत अशी, की ज्या एडिटरात आम्ही प्रोग्राम लिहायचो, तो प्रत्येकाच्या आवडीनिवडी एका छोट्या फाइलीत नोंदवून ठेवी. मला पिवळी अक्षरं लागत, दुसऱ्याला हिरवी. ती फाइल चुकून मास्टरवर गेली, की मास्टर घेणाऱ्या प्रत्येकाचा पडदा पिवळा. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी हा पराक्रम केला. बाईंनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काहून रे पोट्ट्या, तुही चप्पल तुह्या पायाले बसते नं? मग मले काहून घालायले लावून राहिला?"

झालं, त्या फाइलींचं नाव चप्पल पडलं. प्रोग्राम आत, चपला बाहेर. हे वाक्य इतकं अंगवळणी पडलं की साहेबांनी एकदा मुख्य कचेरीला पाठवलेल्या पत्रात 'चपला काढून प्रत पाठवीत आहोत' असं लिहिलं. तिकडून काय समजले कोण जाणे, उत्तर आलं नाही.

मास्टर निघायच्या आधी बाई फ्लॉपीवरच्या फाइलींची नावं पडद्यावर आणून तांदूळ निवडावे तशी निवडत. पन्नाशीला आल्या तरी चष्मा नव्हता. आमच्या वसाहतीतल्या बायका संध्याकाळी सुईत दोरा ओवून घ्यायला त्यांच्याकडे जात. त्यांत माझी आईही होती. डोळे म्हणजे बाईंचा दागिनाच, असं मी एकदा म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "दागिना नाई गा, हत्यार आहे."

बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर कोलतेभाऊ बसत. अर्धी नोकरी कोराडीच्या रस्त्यावरच्या वजनकाट्यावर गेलेली. ट्रक तोलता तोलता धुळीनं डोळे खराब झाले, ते इतके की चष्म्याचाही उपयोग नव्हता. उतारवयात हा माणूस हौसेनं कम्प्युटर शिकला आणि काट्यावरून सुटला. त्यांची चप्पल निराळी होती. अक्षरं दुप्पट मोठी, पडद्यावर जेमतेम अर्धी ओळ मावायची. खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं, साहेबांना नव्हतं. साहेबांचा हिशेब सरळ होता. ज्याला पडदा दिसत नाही, त्यानं काट्यावर जावं. भाऊंच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, आणि ते वर्ष पुन्हा त्या धुळीत काढायच्या कल्पनेनंच त्यांना धास्ती भरे.

एका शनिवारी बाई भाचीच्या लग्नाला काटोलला गेल्या. मास्टर कोलतेभाऊंनी काढली. नावं निवडताना त्यांना काय दिसलं असेल ते दिसलं. सोमवारी बाई परतल्या. त्याच दिवशी मुख्य कचेरीचे पाहुणे आले, साहेबांनी ऐटीत मास्टर लावली, आणि पडदाभर अंकलिपीसारखी थोराड अक्षरं उमटली. पाहुणे हसले.

"ही कोणाची चप्पल?" साहेबांनी हळू आवाजात विचारलं.

कोलतेभाऊंनी खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठायला सुरुवात केली.

"माही आहे, साहेब," बाई म्हणाल्या.

"तुमची? बाई, तुमचे डोळे तर..."

"होते. आता नाई दिसून राहिलं. पाठवता मले काट्यावर?"

बाई नसतील तर कचेरी दोन दिवस चालणार नाही, हे साहेब जाणून होते. "चष्मा करून घ्या," एवढं बोलून त्यांनी पाहुण्यांसाठी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी बाई जाड काळ्या काड्यांचा चष्मा लावून आल्या. त्या हात धुवायला गेल्या तेव्हा मी तो उचलून डोळ्यांना लावून पाहिला. साधी काच होती. मी तो होता तसा ठेवून दिला आणि कामाला लागलो.

चष्म्यानंही पुरतं दिसत नाही असं साहेबांना सांगून वर्षभर बाईंनी थोराड अक्षरांत काम केलं. अर्धी ओळ वाचायची, पडदा सरकवायचा, तोंडानं पुटपुटायचं. इथवर ठीक. पण साहेबांचा बंगला आमच्याच वसाहतीत, आणि तिथल्या बायकांच्या तोंडाला कुलूप नव्हतं. म्हणून बाईंनी सुया ओवणंही बंद केलं. 'आता नाई दिसत वं,' असं आईलाही सांगून टाकलं. बाई एकट्या राहत. संध्याकाळी त्यांच्या दाराची कडी वाजे ती त्या सुयांसाठीच. ती वाजेनाशी झाली.

कोलतेभाऊ निवृत्त झाले. हार झाला, चिवडा झाला, साहेबांचं भाषणही झालं. निघताना भाऊ दारातल्या चपलांच्या ढिगात पायानं चाचपडत उभे राहिले. बाईंनी चष्मा काढून टेबलाच्या खणात टाकला, खाली वाकल्या, ढिगातून नेमका त्यांचा जोड काढून पायांपुढे मांडला.

"घ्या, कोलतेभाऊ. ह्या तुमच्या."

भाऊंनी चपला घातल्या, पण पाऊल काही उचलेना. बाईंनी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं आणि माझ्याकडे वळल्या.

"तुह्या मायले सांगजो," त्या म्हणाल्या, "सुई घेऊन ये म्हणा."