या, घर तुमचंच आहे

गाएतानोचं चुकलं ते एवढंच, की हाडांच्या गुहेत त्याला भूक लागली.

तशी ती जागा भूक लागण्याची नव्हे. डोंगराच्या पोटात कोरलेली उंचच उंच दालनं आणि भिंतींना लागून सरपण रचावं तशा रचलेल्या कवट्या. कुठल्याशा जुन्या साथीत मेलेली, नाव-गाव हरवलेली माणसं. नेपल्सच्या बायकांनी त्यातली एखादी कवटी दत्तक घ्यायची, तिला धुऊनपुसून ठेवायचं, पुढे मेणबत्ती लावायची आणि बदल्यात मुलीचं लग्न, नवऱ्याची नोकरी असं काहीबाही मागायचं, ही तिथली जुनी चाल. चर्चनं कधीचंच बंद करायला सांगितलंय. पण सांगितलेलं सगळं ऐकलं तर ते नेपल्स कसलं!

गाएतानोची आई नुंझिया याच वस्तीत जन्मली होती. मुलाच्या नोकरीपायी उत्तरेला तुरीनला गेली ती गेलीच. आता तिला, बायको ओर्नेलाला आणि नऊ वर्षांच्या ग्रेताला घेऊन गाएतानो चार दिवस नेपल्स दाखवायला आला होता. दाखवायला कसलं, बोकड कापण्याआधी त्याला हिरवा पाला घालतात, त्यातलाच प्रकार! तुरीनच्या घरात झोपायच्या खोल्या दोन. एकीत नवराबायको, दुसरीत आजी-नात. नातीला आता अभ्यासाला वेगळी खोली हवी, म्हणून सप्टेंबरपासून आईला नन बायकांच्या वृद्धाश्रमात ठेवायचं पक्कं झालं होतं. फक्त आईला सांगायचं राहिलं होतं.

"परतीच्या गाडीत बसायच्या आत सांग," ओर्नेलानं बजावलं होतं. गाएतानोनं निघाल्यापासून कितीदा तरी तोंड उघडलं, आणि दर वेळी त्यात काहीतरी खायचं कोंबून मिटलं.

आत्ताही तेच झालं. "आई, तुला एक सांगायचं होतं," तो म्हणाला.

"सांग की."

त्यानं खिशातून कागदात गुंडाळलेली पेस्ट्री काढली आणि कचकन चावा घेतला. पापुद्र्यांचा तो आवाज साऱ्या गुहेत फिरून आला.

आईनं कोपर ढोसलं. "अरे, समोर एवढी माणसं असताना एकटाच खातोस? 'या' तरी म्हण!"

नेपल्समध्ये कुणाच्याही देखत घास घेताना 'या' म्हणायचं असतं, आणि समोरच्यानं 'असू द्या, पावलं' म्हणायचं असतं. खरोखर कुणी येत नाही, कुणी यावं अशी कुणाची अपेक्षाही नसते.

"आई, ही मेलेली आहेत."

"म्हणून काय रीतही मेली?"

ग्रेता हसायला लागली. लेकीला हसताना बघून बापाच्या अंगात वारं शिरलं. समोरच्या, पुढचा दात पडलेल्या कवटीपुढे तो कमरेत वाकला. "या साहेब, खायला या! आमच्याबरोबर गाव बघायला या! तुरीनला या, घर तुमचंच आहे!"

नुंझिया हसली नाही. मान कलती करून ती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "'असू द्या' म्हणाला नाही तो."

"तो कसा म्हणेल?"

"तेच म्हणतेय मी, शहाण्या! खाण्याचं 'या' खाण्यापाशी संपतं. घर कशाला देऊन बसलास? मेलेल्याला 'नाही' म्हणता येत नाही."

ओर्नेला औषधांच्या दुकानात काम करायची. मापून दाखवल्याशिवाय तिचा कशावर विश्वास नसे. "चला आता, दमट हवा आहे इथे," ती म्हणाली. "बघा ना, त्या कवटीला पाणी सुटलंय."

खरंच त्या कवटीच्या कपाळावर थेंब डवरले होते. शेजारच्या मात्र कोरड्या ठणठणीत होत्या.

दुपारी जेवायला गेले, तेव्हा नुंझिया दारातच वेटरशी काहीतरी बोलली. ती सगळ्यांशीच बोलायची. गाएतानो कोट अडकवून आला तर टेबलावर पाच ताटल्या.

"आम्ही चौघं आहोत," तो म्हणाला.

"हो ना," वेटर म्हणाला आणि पाचवी खुर्ची रुमालानं पुसून गेला. थोड्या वेळानं वाइन आणली तीही पाच ग्लासांत.

"अहो, चौघं!"

"साहेब, बसू द्या हो त्यांना. आमच्याकडे कुणाला उठवत नाहीत."

"कुणाला?" ओर्नेलानं विचारलं. वेटर नुसता हसला.

माशांची आमटी आली. बोलता बोलता गाएतानोचं लक्ष गेलं, तर पाचवा ग्लास रिकामा. तळाशी लाल थेंब तेवढा राहिला होता. त्यानं ग्लास उचलला. "कुणी प्यायलं हे?"

"मी नाही," ग्रेता म्हणाली.

"मी सकाळी गोळी घेतलीय, वाइन चालत नाही," ओर्नेला म्हणाली.

नुंझिया ब्रेडच्या तुकड्यानं ताटली पुसत होती. "घरी बोलावलेल्या माणसाला घोटभर वाइनही प्यायची नाही का?"

संध्याकाळी मुक्कामी परतले, तर घरमालकिणीनं खोलीत जादा खाट घालून ठेवलेली. वर धुतलेला टॉवेल, घडी केलेला. "पाचव्या पाहुण्यांना खिडकीपाशी चालेल ना?" म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता गेली. त्या खाटेवर कुणी बसेना. ग्रेतानं तिची बाहुली तिथे टाकली होती, ती ओर्नेलानं झटकन उचलली आणि पुटपुटली, "माफ करा हं." मग आपण हे कुणाला म्हणालो, हे लक्षात येऊन ती न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आली.

दुसऱ्या दिवशी शहराखालची जुनी भुयारं बघायची होती. कधी काळी तिथे पाणी साठवत. नुंझियाचा गुडघा पायऱ्यांना तयार नव्हता. ती वर चौकातल्या बाकावर बसली, उरलेले तिघं खाली उतरले. वाट दाखवणारी पोरगी चटपटीत होती. वाट इतकी अरुंद, की आडवं होऊन सरकावं लागे. दिवे नाहीत, म्हणून तिनं ज्याच्या त्याच्या हातात मेणबत्त्या दिल्या.

"पप्पा, मागून कोण फुंकतंय?" ग्रेतानं मध्येच विचारलं.

"वारा असेल, बाळा."

"वाऱ्याला वाइनचा वास येतो?"

मागे वळून बघायची गाएतानोची छाती झाली नाही. दगडाला पोट घासत तो सरकत राहिला आणि मनात आईनं लहानपणी शिकवलेल्या सगळ्या प्रार्थना अर्धवट म्हणत राहिला. पूर्ण एकही आठवेना.

बाहेर पडताना पोरगी मेणबत्त्या गोळा करत होती. "तुमच्या चार. मिळाल्या."

"तीन," ओर्नेला म्हणाली. "आम्ही तिघंच आहोत."

"आणि ते उंच काका? सगळ्यात मागे होते, वाकून चालत होते बिचारे. त्यांची एकट्याचीच मेणबत्ती शेवटपर्यंत विझली नाही. आत्ताच माझ्या हातात दिली की!" तिनं ती दाखवली. वात अजून धुरत होती.

त्यानंतर ओर्नेलाचं शास्त्र संपलं. लिफ्टमध्ये ती कोपऱ्यात अंग चोरून उभी राहू लागली, जेवताना पाचव्या ताटलीत आधी वाढू लागली. गाएतानोला घास उतरेना. म्हणजे आता तोंड उघडून त्यात कोंबायला काहीच उरलं नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी ते समुद्राकाठी बाकावर बसले. दुपारी सारं नेपल्स खिडक्या लावून झोपतं. रस्त्यात चिटपाखरू नव्हतं, लाटांचाही आवाज नव्हता. बाकावर सगळे दाटीवाटीनं बसले होते आणि एका टोकाला माणूसभर जागा तशीच मोकळी होती.

"आई, त्याला परत पाठव," गाएतानो म्हणाला.

"मी कशी पाठवू? बोलावलंस तू."

"पण तुझं ऐकेल तो! आम्हांला हे झेपत नाही गं. तुरीनला आला तर ठेवायचा कुठे त्याला?"

"ते ठरलंय आमचं," नुंझिया म्हणाली. "माझी खोली देणार आहे त्याला."

"तुझी खोली?"

"सप्टेंबरात रिकामी होतेच आहे ना?"

गाएतानोनं ओर्नेलाकडे बघितलं. ओर्नेला समुद्राकडे बघू लागली.

"नन बाईंचा फोन आला होता," नुंझिया म्हणाली. "तू कामावर होतास. चांगली बाई आहे. झोपताना दूध लागतं का विचारत होती. म्हटलं लागतं, साखर जरा जास्त घाला. पुढे म्हणाली, मुलानं सांगितलंच असेल. म्हटलं, सांगितलं तर. माझा मुलगा मला सगळं सांगतो."

गाएतानोनं रुमाल काढला. आपण एवढा मोठा बाप्या, मिशा आहेत, हाताखाली माणसं आहेत, आणि आपल्या जन्मदात्री आईला आपण नन बाईकडून निरोप पोचवला, या विचारानं त्याला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. "आई, मी सांगणारच होतो गं... दर वेळी..."

"माहीत आहे. पहिल्या दोन दिवसांतच तीन किलो वाढलास. रडू नकोस, तो बघतोय."

"पण आई," ओर्नेला कशीबशी म्हणाली, "त्याला खोली द्यायची? ग्रेता त्याच्याबरोबर झोपणार?"

"अगं, माझ्यापेक्षा त्याचा त्रास कमी. गुडघे दुखत नाहीत, घोरत नाही, रात्री दूध नको. वृद्धाश्रमात कधी ठेवावं लागणार नाही, कारण जेवढं म्हातारं व्हायचं तेवढं होऊन झालंय त्याचं."

ग्रेता म्हणाली, "मला आजीच हवी. आजी घोरते तेव्हा मला कळतं, खोलीत कोण आहे ते."

बाकाच्या मोकळ्या टोकाशी लाकूड करकरलं. ओर्नेला ताडकन उठली. "गाएतानो! त्या नन बाईंना आत्ता फोन लाव. सांग, आई येत नाहीत. खोली रिकामी नाही, होणारही नाही!" हे ती भीतीनं म्हणाली की मायेनं, ते तिला अजूनही कुणी विचारत नाही. गाएतानोनं फोन लावला, आणि बोलताना तो लहान मुलासारखा हुंदके देत होता. नन बाईंना वाटलं म्हातारी गेली, आणि त्यांनी तिच्या आत्म्यासाठी प्रार्थना सुरू केली. ती थांबवायलाच जास्त वेळ लागला.

परतीच्या गाडीत सगळ्यांचे चेहरे उजळले होते. समोरासमोर बाकं, त्यातली ओर्नेलाशेजारची एक जागा रिकामी. तिथे तिनं आपली बॅग ठेवली होती. गाएतानोला भुयारानंतर पहिल्यांदा भूक लागली. त्यानं पेस्ट्री काढली.

"पप्पा, एक सांगू? रागावणार नाही ना?" ग्रेता त्याच्या कानाशी लागली. "आजी वेटरला पाच बोटं दाखवत होती. मी बघितलं."

गाएतानो आ वासून आईकडे बघत राहिला, आणि मग इतका मोठ्यानं हसला, की पलीकडच्या बाकावरचे लोक वळून बघू लागले. "पकडलं तुला, आई! म्हणजे वेटर, ती खाट..."

"मीच सांगितलं सगळ्यांना," नुंझिया शांतपणे म्हणाली. "घरमालकीण माझ्या शाळेतली. वाइनही मीच प्यायले. फुकट कशाला घालवायची? तुला तोंड फुटायला काहीतरी करायलाच हवं होतं."

"आणि मेणबत्तीवाली पोरगी! काय काम केलं तिनं, वा! उंच काका म्हणे!"

"कुठली मेणबत्ती?"

"अगं, भुयारातली."

"मी कधी आले भुयारात?" नुंझिया म्हणाली. "मी वर बाकावर होते. गुडघा." तिनं ओर्नेलाच्या बॅगेकडे बघितलं. "उंच आहे का तो?"

गाएतानोचा पेस्ट्रीचा हात तोंडाशी आला होता, तिथेच थांबला. घास घ्यायचा तर समोरच्यांना 'या' म्हणायला हवं. त्यानं तोंड मिटलं आणि पेस्ट्री हळूच परत कागदात गुंडाळली.

ओर्नेलानं शेजारची बॅग उचलून मांडीवर घेतली.

"बसा," ती रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली. "पण आधीच सांगते, खोली आईंची आहे."