एक तरी डी

प्राध्यापक सलिल आगाशे यांनी सबमिटचं बटण तिसऱ्यांदा दाबलं आणि पडद्यावर तीच लाल चौकट तिसऱ्यांदा उगवली. 'डी श्रेणी : शून्य. निकाल स्वीकारता येत नाही.'

सलिलच्या अंगाचा तिळपापड झाला. अख्खं सत्र घसा फोडून त्याने अडतीस विद्यार्थ्यांना मालमत्तेचा कायदा शिकवला होता. रविवारी जादा तास घेतले होते, त्यापायी घरची बोलणी खाल्ली होती. त्या कष्टांचं चीजही झालं होतं. वर्गात सर्वांत खाली जे सहा जण होते, त्यांनासुद्धा प्रत्येकी सहासष्ट मार्क होते. दुसरीकडे कुठे असता तर त्याला नारळ-शाल मिळाली असती. कात्रजच्या अलीकडच्या या लॉ कॉलेजात मात्र त्याचा निकालच अडला होता.

तो तडक परीक्षा विभागात गेला. परीक्षा विभाग म्हणजे मंदाकिनीबाई. बावीस वर्षं त्या त्याच खुर्चीत बसून होत्या, आणि आपण इथे कुणाच्या सोयीसाठी बसलेलो नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून समोरच्याला आपोआप कळत असे.

"मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर बिघडलंय."

"सॉफ्टवेअर ठीक आहे," मान वर न करता बाई म्हणाल्या. "तुमचा निकाल बिघडलाय."

"अहो, पण वर्गात कुणी कच्चं नाहीच, त्याला मी काय करू?"

"नियम अकरा. वर्गात एक तरी डी हवा. जास्तीत जास्त दोन."

"डीच्या लायकीचा कुणी नसला तरी?"

"सर, इतकं शिकवायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

सलिलने राग गिळला. "बरं, मग त्या शेवटच्या सहा जणांना—"

"सारखे मार्क म्हणजे सारखी श्रेणी, नियम बारा. सहा डी होतील. दोनच्या वर चालत नाहीत." बाईंनी आता मान वर केली. "कायदा शिकवता ना आपण? मग वाचून येत जा."

प्राचार्य शितोळ्यांकडे दाद मागावी म्हणून सलिल जिना चढून गेला. प्राचार्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आगाशे, सगळेच हुशार निघाले तर हुशार ओळखायचा कसा? मोठमोठ्या ठिकाणी हीच पद्धत असते."

"सर, सहासष्ट मार्कांना डी? ही पद्धत नाही, ही उघड उघड जुलूमजबरदस्ती आहे!"

"पाचच्या आत निकाल गेला नाही, तर सगळ्या वर्गाचा निकाल अडकेल. आणि पुढच्या आठवड्यात तुम्हाला नोकरीत कायम करण्याचा विषय मीटिंगला आहे. आपलं आठवण म्हणून सांगितलं."

सलिल दातओठ खात खाली आला. त्या सहांपैकी एकाच्या तरी पेपरात अर्धा मार्क जास्त पडलेला असेल, तो काढला की एकटा तोच तळाला जाईल, असा विचार करून त्याने सहाही जणांना पेपर बघायला बोलावलं. कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या हातात त्यांचेच पेपर द्यायचे आणि मार्क कमी होतील अशी आशा धरायची! बिचाऱ्याचं डोकं रागाने ठिकाणावर नव्हतं, एवढंच म्हणायचं.

"सर, प्रश्नात 'थोडक्यात' असं लिहिलंय," स्वरालीने पहिल्याच पानाला सुरुवात केली. "मी थोडक्यात लिहिलं. मग 'अपूर्ण' हा शेरा कसा? धिस इज टोटली अनफेअर."

सलिलने प्रश्न पुन्हा वाचला. तिचं बरोबर होतं. तिचे दोन मार्क वाढले.

"सर, समर्थने सेम खटला लिहिला, त्याला चार," साईनाथ म्हणाला. "मला तीन. व्हाय?"

दोन्ही पेपर शेजारी शेजारी ठेवून पाहिले. त्याचंही बरोबर होतं. साडेचार वाजेपर्यंत पाच जणांनी पाच मुद्दे मांडले आणि पाचही जण वर सरकले. मुद्दे बिनतोड होते, कारण ते कसे मांडायचे हे सलिलनेच शिकवलं होतं. त्याला संताप येत होता आणि मधूनच अभिमान वाटत होता, आणि अभिमान वाटतोय म्हणून आणखी संताप येत होता.

उरले गेनबाकाका. वय वर्षं चौसष्ट, डोक्यावर पांढरी टोपी. त्यांचं गाव महापालिकेत गेलं, शेतावर रस्त्याचं आरक्षण पडलं, आणि वकिलांचे उंबरठे झिजवून कंटाळलेले काका स्वतःच कायदा शिकायला आले. वर्गातल्या पोरांचे ते लाडके होते. हात सावकाश चालायचा, त्यामुळे शेवटचा प्रश्न नेहमी अर्धा राहायचा.

"काका, तुमचं काय म्हणणं?"

"काय न्हाय. बराबर तपासलाय. शेवटचा प्रश्न ऱ्हायला माझा."

"अहो, मग आता तुम्ही एकटेच खाली उरलात! डी मिळेल तुम्हाला!"

"द्या की. मला काय नोकरी बघायचीय?"

"सहासष्ट मार्कांना डी, काका! हा अन्याय आहे! भांडा ना जरा!"

"तुमी कशाला आवाज चढवताय, सर? कागद द्या. लिहून देतो."

आणि काकांनी त्यांच्या त्या सावकाश अक्षरात लिहून दिलं : 'मला डी श्रेणी मिळण्यास माझी हरकत नाही.' खाली सही, तारीख, वेळ. पाचला दहा कमी असताना सलिलने बटण दाबलं. चौकट हिरवी झाली. एका भल्या माणसाच्या भलेपणाचा आपण फायदा घेतला, या विचाराने त्या रात्री त्याला जेवण गोड लागलं नाही.

आठव्या दिवशी प्राचार्यांनी त्याला बोलावलं. मंदाकिनीबाई आधीच उभ्या होत्या. टेबलावर दोऱ्याने बांधलेला, पानांवर क्रमांक घातलेला चौदा पानी अर्ज होता. गेनबा विरुद्ध प्राचार्य, परीक्षा विभाग आणि सलिल आगाशे. मागणी एकच : नियम अकरा रद्द करा. अर्जदार समोरच्या खुर्चीत टोपी नीट करत बसले होते.

"काका, तुम्ही?" सलिल उसळलाच. "अहो, तुम्ही स्वतः लिहून दिलंत हरकत नाही म्हणून!"

"दिलं की. जोडलंय त्ये. परिशिष्ट क."

"मग आता हे काय?"

"सर, संमती दिली म्हनून बेकायदा गोष्ट कायदेशीर व्हत न्हाय. रविवारच्या तासाला तुमीच सांगितलं."

"मग त्याच दिवशी का नाही भांडलात?"

"त्या दिवशी माझं नुसकान कुटं झालं हुतं? ज्याचं नुसकान झालंय त्यालाच दाद मागता येती. म्हनून आदी डी घेतला."

काका उठून बाहेर व्हरांड्यात गेले. तिथे सगळा वर्ग जमला होता; अर्ज टाइप स्वरालीनेच केला होता.

दार लागताच प्राचार्य हसले. "सोपं आहे. म्हाताऱ्याला बी देऊन टाका. नुकसान संपलं, अर्ज संपला."

"आणि नियम?"

"नियम राहील."

"म्हणजे त्यांचं तोंड बंद करायचं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला चिरडायचं!" सलिल ओरडला, पण तोवर मंदाकिनीबाईंनी प्राचार्यांच्याच संगणकावर डीचा बी केलासुद्धा. पडद्यावर लाल चौकट उगवली. 'डी श्रेणी : शून्य. निकाल स्वीकारता येत नाही.'

"आता कुणाला देऊ?" बाईंनी विचारलं.

श्रेणी बदलली की आपोआप जाणारा मेसेज त्याच वेळी बाहेर काकांच्या मोबाइलवर पोचला होता : आपली सुधारित श्रेणी बी. व्हरांड्यात क्षणभर कुजबुज झाली, मग वह्यांची पानं टराटरा फाटल्याचा आवाज आला. पाच मिनिटांत दार उघडलं.

"सर, काकांचा डी काढला असेल तर तो मला द्या," स्वराली कागद पुढे करत म्हणाली. "माझी हरकत नाही."

"ए, मी आधी आलोय!" साईनाथने तिच्या कागदावर आपला कागद ठेवला. "सर, प्लीज, मला द्या."

"तुम्हा दोघांचे मार्क वाढलेत ऑलरेडी. डी मला मिळायला पाहिजे!" मागून समर्थ ओरडला, आणि बघता बघता टेबलावर सदतीस कागद जमले. प्रत्येकावर सही, तारीख आणि वेळ होती.

"सरका रं!" सगळ्यांच्या मागून काकांचा आवाज आला. आज पहिल्यांदाच ते चिडले होते. "माझा डी हाय त्यो! मला न इचारता, नोटीस न देता काढला कुनी?"

प्राचार्यांनी कागदांकडे पाहिलं. सदतीस अधिक एक, असे अडतीस अर्ज त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले असावेत, प्रत्येक चौदा पानी. त्यांनी पेन उचललं आणि नियमांच्या कागदावर नियम अकराच्या समोर लिहिलं : 'पुढील आदेशापर्यंत स्थगित.' मंदाकिनीबाईंनी तो कागद फाइलला लावला.

मग रुमालाने कपाळ पुसत प्राचार्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. आवाज रागाने कापत होता.

"यांना हे असलं शिकवलं कुणी?"

सलिलच्या कायम होण्याची फाइल त्यांच्या कोपरापाशीच पडली होती. सलिलने ती पाहिली. मग वर्गात मुलं करतात तसा हात वर केला.

"मी, सर."