थोरल्या पातीचं दार, धाकट्या पातीची चूल

उदयनगरच्या पुढे, जिथे डांबरी रस्ता संपतो आणि सागाची झाडं सुरू होतात, तिथे दत्ताजी सुतारांनी स्वतःच्या जमिनीच्या तुकड्यावर स्वतःच्या हाताने झोपडी बांधली. दगड ओढ्यातले, बांबू बांधावरचे, माती पायाखालची. दार तेवढं देवासच्या घरातून आणलं, तेही त्यांच्या वडिलांनी घडवलेलं. थोडा मका, थोडी वांगी, एक विहीर आणि एक शेळी, एवढा संसार. मेल्यावर लागणारे चार खांदे सोडले तर यापुढे कोणाचा हात लागू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

मुलगा धीरज म्हणाला, "बाबा, दिवाळीच्या आत परत याल. लिहून देतो."

"लिहू नकोस," दत्ताजी म्हणाले. "दिवाळीला ये. माझ्या मक्याची भाकर वाढीन."

इथे देवासविषयी थोडं सांगणं भाग आहे. गावात पूर्वी दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. राज्यं जाऊन काळ लोटला, पण प्रत्येक गोष्ट दोनदा करण्याची सवय काही घरांतून गेलेली नाही. म्हणून स्वावलंबन मंडळंही दोन आहेत. थोरल्या पातीच्या मंडळाचे अध्यक्ष भैयासाहेब, धाकट्या पातीचे चिंतामणीराव. लोकांना स्वावलंबनाचं महत्त्व पटवून देणं हे दोघांचंही काम. दोन्ही मंडळं वर्गणीवर चालतात.

श्रावणात भैयासाहेब जीप घेऊन झोपडीपाशी आले. शाल आणि श्रीफळ दिलं, भाषण केलं, आणि शाल ठेवायला एक लोखंडी कपाट उतरवलं.

"कपाट नको," दत्ताजी म्हणाले. "ठेवायला माझ्याकडे काही नाही."

"शाल आहे ना! शिवाय ही मदत नव्हे, सन्मान आहे. मदत नाकारता येते. सन्मान नाकारला की समोरच्याचा अपमान होतो."

जीपचा ड्रायव्हर पियुष कपाट पाठीवर घेऊन उभा होता. "दाजी, जल्दी बोलो, कमर जा री है."

दत्ताजींना त्याच्या कंबरेची दया आली. ते बाजूला सरकले.

बातमी कळताच धाकट्या पातीची तातडीची सभा झाली. दत्ताजींच्या आजोबांनी धाकट्या पातीच्या पागेची दारं बसवली होती; तेव्हा दत्ताजी हे मूळचे आमचे स्वावलंबी असून त्यांना परस्पर पळवण्यात आलं आहे, असा ठराव पास झाला. चिंतामणीराव शाल आणि पलंग घेऊन आले. मग थोरल्या पातीने विहिरीवर पंप बसवला. धाकटीने टाकी दिली. आपल्या टाकीत थोरल्या पातीच्या पंपाचं पाणी पडतं हे लक्षात आल्यावर धाकटीने दुसरा पंप बसवला, म्हणून थोरलीने दुसरी टाकी. पंपांसाठी सोलरचे पॅनेल आले. ते मक्यात उभे करावे लागले, कारण ऊन तिथेच पडत होतं.

झोपडीत सगळं मावलं, फक्त दत्ताजी मावेनात. ते बाहेर शेळीजवळ निजू लागले. शेळीने दोन्ही मंडळांच्या शाली सारख्याच आवडीने खाल्ल्या.

पुढे पाहुणे सुरू झाले. स्वावलंबी माणूस जगतो कसा, हे पाहायला इंदूरहूनही लोक येत. त्यांना चहा लागे आणि गाडी लावायला जागा लागे. उरलेला मका गाड्यांखाली गेला. वांग्यांची निंदणी राहून गेली, कारण दत्ताजींना रोज हातात कुदळ धरून फोटोसाठी उभं राहावं लागे. कुदळ खाली मारली की फोटो हलतो, असं पियुषने त्यांना समजावलं होतं.

स्वावलंबी माणूस उपाशी राहिला तर मंडळांची अब्रू जाईल, म्हणून सकाळचा डबा थोरल्या पातीकडून आणि संध्याकाळचा धाकट्या पातीकडून येऊ लागला.

"माझं शेत मोकळं करा," दत्ताजी एकदा दोघांसमोर म्हणाले. "मी माझं पिकवून खाईन."

"तुम्ही शेतात राबत बसलात तर लोकांना स्वावलंबनाची माहिती कोण देणार?" भैयासाहेब म्हणाले.

चिंतामणीरावांनी मान डोलावली. दोन्ही अध्यक्षांचं एकमत झाल्याचा हा पहिलाच प्रसंग.

दसऱ्याच्या सुमारास, झोपडी नक्की कोणाची, यावर वाद पेटला. अखेर सामोपचाराने झोपडीतून चुन्याची रेघ ओढण्यात आली. दार थोरल्या पातीत गेलं, चूल धाकट्या पातीत. विहीर निम्मी निम्मी. पोहरा थोरलीकडे, दोर धाकटीकडे. दत्ताजींना दोन्ही बाजूंना वावरण्याची मुभा देण्यात आली, मात्र आगाऊ कळवून.

"आणि शेळी?" दत्ताजींनी विचारलं.

शेळीचा विषय पुढच्या सभेत घेण्याचं ठरलं.

दिवाळीला धीरज आला. बापाने त्याच्या ताटात डब्यातली पुरी वाढली. धीरजने मक्याचं नावही काढलं नाही. जेवून हात धुतल्यावर एवढंच म्हणाला, "बाबा, घरी चला. तिकडे निदान एकाच घरचं खाल."

दत्ताजी उठले. वडिलांनी घडवलेलं दार त्यांनी बिजागरीवरून उतरवलं, पाठीवर घेतलं आणि शेळी सोडून बरोबर घेतली. धीरज दाराला हात लावायला पुढे झाला.

"नको," दत्ताजी म्हणाले. "तू खांदा द्यायला ये. त्याला वेळ आहे."

आणि ते देवासच्या उलट्या दिशेला, झाडांत चालते झाले.

थोरल्या पातीने दार चोरीला गेल्याची तक्रार केली. धाकट्या पातीने आपल्या हद्दीतून काहीही गेलं नसल्याबद्दल समाधान व्यक्त केलं. झोपडी अजून आहे. दोन्ही मंडळांनी तिथे आपापला स्वावलंबी पगारावर नेमला आहे.

दत्ताजींनी नवी झोपडी बांधली आहे आणि ती कुठे आहे हे मला माहीत आहे. ही हकीकत परवा मी धारच्या उमाशंकरजींना सांगितली. ते पोट धरून हसले, दोन्ही मंडळांना मनापासून नावं ठेवली, मग डोळे पुसत म्हणाले, "बिचारा माणूस! पत्ता द्या भिया. घरात एक कूलर पडून आहे, पाठवून देतो."

मी पत्ता दिला नाही. तुम्हालाही देणार नाही. वाचता वाचता तुमच्याही मनात एखादी वस्तू येऊन गेली असेल. ती असू द्या तुमच्याच घरी.