काशीरामच्या काचेच्या होडीचा तळ

लाकूडकामात माझा हात धरणारा माणूस मालवणपासून कणकवलीपर्यंत शोधून दाखवा! मुंबईच्या फर्निचरच्या कारखान्यात माझी उमेदीची वर्षं गेली. माझ्या टेबलाच्या सांध्यात सुई शिरली तर मिशा उतरवीन, असं मी मालकाला तोंडावर सांगायचो!

एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमाराची, मी गावी परतल्यावरची गोष्ट. माझा मेहुणा काशीराम मुंबईच्या गोदीतून एक मोडीत निघालेली होडी घेऊन आला. कुठल्याशा आगबोटीवरची, आणि लाकडाची नव्हे, फायबरची, म्हणजे काचेच्या धाग्यांची! वाडीने तिला 'काचेची होडी' म्हणायला सुरुवात केली. अंग ठणठणीत, पण आतला लाकडी तळ कुजून भुगा. फळ्या गेलेल्या आणि त्यांना धरणारे आडवे वासेही गेलेले.

"भावोजी, नारळी पुनवेक होडी दर्यात जावक होयी," काशीराम म्हणाला. "नायतर ह्या वर्सा माका दुसऱ्याच्या होडयेर जावचा लागतला. लोक आधीच हसतत."

"तू निर्धास्त झोप रे!"

मी फणसाचे खडखडीत वाळलेले वासे आडवे बसवले. वर फळ्या अशा ठोकल्या, की या कुशीपासून त्या कुशीपर्यंत केसाएवढी फट नाही! खिळे तर सढळ हाताने. काशीरामची बायको हिरा म्हणाली, "बाय माझे! दिवाणखानोच केल्यात!" मी मिशीला पीळ दिला.

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी काशीरामने विचारलं, "भावोजी, पाणी भरूचा मा?"

आमच्याकडे ही रीतच. होडी दर्यात घालण्याआधी तिच्यात पाणी भरून ठेवायचं, म्हणजे लाकूड फुगतं आणि फटी मिटतात. पण ही रीत लाकडी होडीची, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही! "भरा! काठोकाठ भरा!" मी फर्मावलं. अख्खी वाडी कळशा घेऊन धावली.

दुपार कलली आणि होडीतून आवाज आला. कुर्रर्र!

"ह्या काय वाजता?" काशीराम दचकला.

"लाकूड बसतंय," मी म्हणालो.

कसलं बसतंय, उठत होतं! फळ्या फुगल्या, पण फायबरचं अंग तसूभर हलेना. मग फळ्या जाणार कुठे? वर! बघता बघता तळ तव्यावरच्या भाकरीसारखा टम्म. फट्! एक वासा होडीच्या अंगापासून सुटला. फट्! दुसरा!

"भावोजी, थांबवा त्येका!"

मी उडी मारून त्या फुगवट्यावर जाऊन बसलो. माझं वजन काही कमी नाही हो! पण तळाने मला सुद्धा वर उचललं. वाडी पोट धरून हसत होती. काशीरामच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. "आता उद्या मी लोकांक काय तोंड दाखवू?" मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हिराने पदर खोचला. "रडतास कित्याक? होडयेक काय्येक जावक नाय! ता भितरला सगळा भायर काढा आणि बांबू घाला!"

पाणी उपसलं. तळ मात्र निघता निघेना, खिळे माझे होते ना! शेवटी वासे, फळ्या, सगळं एकसंध बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी बांबूची तट्टी घातलेली काचेची होडी दिमाखात दर्यात गेली. काशीराम राजासारखा सुकाणूपाशी! हसणारेच आता हात हलवत होते. मला तेवढं, "भावोजी, तुमी हयसूनच बघा," असं सांगण्यात आलं.

आणि माझा तळ? हिराने तो आहे तसा, कमानीसकट, परसात चार चिऱ्यांवर ठेवला आणि खाली कोंबड्या कोंडल्या. आजवर एकाही कोंबडीने माझ्या कामात खोट काढलेली नाही!