लक्ष्मणरावांचा यम

"मीच का यम?" लक्ष्मणराव तिसऱ्यांदा ओरडले.

"काका, तुमचा आवाजच तसा आहे," एचआरच्या अरुंधती मॅडम गोड हसल्या. "आणि बजेट शून्य आहे हं. घरच्या जुन्या कपड्यांतून काय जमतं ते बघा."

चाकणच्या त्या कारखान्यात दर वर्षी सुरक्षा सप्ताहाला तेच नाटक व्हायचं. हेल्मेट न घालणाऱ्या कामगाराला न्यायला यम येतो, कामगार शपथ घेतो, यम त्याला सोडून देतो. लक्ष्मणराव एकोणीस वर्षं पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर होते. एवढ्या वर्षांत साधं खरचटलं नव्हतं, की पिवळी चिठ्ठी मिळाली नव्हती. नियम मोडला की सेफ्टी ऑफिसर फाडून हातात ठेवतो, ती चिठ्ठी. यंदा 'सर्वात सुरक्षित कामगार' हे मानपत्र त्यांनाच मिळणार, हे कॅन्टीनच्या आचाऱ्यालाही ठाऊक होतं. निगडीच्या घरी त्यासाठी भिंतीला खिळाही ठोकून झाला होता. अशा माणसाला यम व्हायला सांगितल्यावर डोकं फिरणारच.

घरी येताच त्यांनी पलंगाखालचं गाठोडं ओढलं. यशोदाबाई धावत आल्या.

"अहो, ते कशाला सोडायलेत? बोहारणीला द्यायचंय. मोठं पातेलं ठरलंय माझं!"

"कंपनीत यम व्हायलोय मी."

"व्हा की! त्यापायी माझं पातेलं कशाला मारायलेत?"

बाईंचा पारा चढला, तरी सुई त्यांनीच घेतली, कारण नवऱ्याचे हातभर टाके त्यांना बघवेनात. विरलेल्या लाल साडीचं धोतर झालं. दाराचा जुना पडदा खांद्यावरून मागे सोडला. लेकीच्या स्नेहसंमेलनातल्या मखमली झग्याची बंडी झाली आणि खोक्याच्या पुठ्ठ्याचा मुकुट. खर्च एका दोऱ्याच्या रिळाचा. बंडी मात्र पोटावर जुळेना. सकाळी बसची वेळ झाली तेव्हा बाईंनी रागारागाने ती अंगावरच शिवून टाकली.

"आता संध्याकाळपर्यंत निघायची नाही ही," त्या म्हणाल्या आणि दोरा दातांनी तोडला.

कंपनीच्या बसमध्ये यमाशेजारी कुणी बसेना. ड्रायव्हर म्हणाला, "काका, मागं जा राव. माझ्या पाठीशी नका बसू."

कार्यक्रम कॅन्टीनमध्ये होता आणि वाट शॉपमधून, म्हणजे यंत्रांच्या शेडमधून, जात होती. लक्ष्मणराव सवयीप्रमाणे दोन पिवळ्या रेषांच्या मधून जपून चालले होते. पडदा मात्र मागे रेषेबाहेर लोळत होता. सेफ्टी ऑफिसर सुरेंद्र साहेबांची शिट्टी वाजली.

"शॉपमध्ये सैल कपडे? ही घ्या चिठ्ठी."

"अहो साहेब, मी यम आहे!"

"यम असला तरी नियम एकच. हेल्मेट कुठंय?"

"मुकुट घातलाय ना!"

"मुकुटाला आयएसआय मार्क आहे का?"

मुकुट आणि पडदा साहेबांनी जप्त केला. डोक्यावर हेल्मेट आलं, बंडीवर नारिंगी जाकीट, डोळ्यांवर चष्मा. यम उरला तो धोतरापुरता.

आधी मानपत्र होतं. अरुंधती मॅडमनी यादी पाहिली, मघाची चिठ्ठी पाहिली, लक्ष्मणरावांकडे पाहायचं टाळलं आणि नाव वाचलं, "ज्ञानेश!" बाकी प्रत्येकाच्या नावावर एखादी तरी चिठ्ठी होती. ज्ञानेशला कंपनीत लागून अकरा दिवस झाले होते, आणि नाटकातला बेफिकीर कामगार तोच होता.

मग नाटक सुरू झालं. मानपत्र बगलेत धरून ज्ञानेशने शपथ घेतली. आता यमाने "जा, तुला सोडलं" म्हणायचं होतं.

"नाही सोडत!" लक्ष्मणराव गरजले आणि त्याचं मनगट धरून त्याला मंचावरून खाली ओढू लागले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"काका, डायलॉग चुकलाय!" ज्ञानेश कुजबुजला.

"एकोणीस वर्षं!" एवढंच ते म्हणाले.

खुर्च्यांमधून फरफटत त्यांनी त्याला शॉपच्या दारापर्यंत नेलं. तिथे पिवळी रेषा आली आणि लक्ष्मणराव थबकले. त्यांनी पोराच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं.

"असाच आत निघालास, मूर्खा?"

स्वतःचं हेल्मेट काढून त्यांनी त्याच्या डोक्यावर ठेवलं आणि हनुवटीखालचा पट्टा नीट आवळला.

मागून शिट्टी वाजली. "लक्ष्मणराव! तुमचं हेल्मेट?"

यमाने वळून पाहिलं. मग ज्ञानेशचं मनगट सोडलं आणि साहेबांचं धरलं.