श्रावणी सोमवारचे कोरियन गोळे

मोशीत श्रावणात कोंबड्या निवांत असतात.

व्हर्निअर कॅलिपर ही स्वयंपाकघरात ठेवायची वस्तू नाही.

डोहाळे अपुरे राहिले तर जन्मणाऱ्या बाळाची लाळ गळते. हे प्रत्येकाच्या आजीला ठाऊक असतं, डॉक्टरांना नसतं.

उदबत्तीच्या पुड्यावर 'दिवसभर दरवळ' असं छापलेलं असतं. एका वेळी किती लावायच्या, ते छापलेलं नसतं.

सोपानरावांचा सोमवारी कडक उपास असतो, आणि तो सुटेपर्यंत त्यांच्याशी कुणी बोलत नाही.

*

आता हे सगळं एका जिन्यावर आणायचंय. जिना लोखंडी, सोपानरावांच्या घराला बाहेरून लावलेला. खाली सोपानराव, त्यांची बायको शालनबाई आणि सून सायली. मुलगा ओंकार सेकंड शिफ्टला. वर गच्चीवरच्या खोलीत भाडेकरू ज्ञानेश आणि वर्षाली. ज्ञानेश परभणीकडचा, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. केसाच्या जाडीइतका फरक आपल्याला नुसत्या बोटानं कळतो, असं तो सांगतो. विचारलं नाही तरी सांगतो. वर्षाली दुसऱ्या कंपनीत अकाउंट्सला. तिला सातवा महिना.

"काय खावं वाटायलंय तुला? नुसतं बोल!" रविवारी ज्ञानेश छाती काढून म्हणाला.

वर्षालीनं डोळे मिटले. "आमच्या कोरियन साहेबांना कँटीनमध्ये निरोप दिला ना, त्या जेवणातले गोळे. सुपारीपेक्षा मोठे, लिंबापेक्षा लहान. वरून चकचकीत रस. आधी गोड लागतो, मग खारट, मग तिखट, आणि मग वाटतं अजून एक घ्यावा."

"एवढंच? अगं, मी मायक्रॉनमध्ये काम करणारा माणूस! गोळे वळायला काय अक्कल लागते? उद्या रजा टाकतो. तू कामावरून आलीस की ताट तयार!"

फोनवर बघितलं. चिकनचा खिमा, आलं-लसूण, पातीचा कांदा, अंडं. रसाला सोया सॉस, व्हिनेगर, मध, तिखट. वरून तीळ. मध नव्हता, पण परभणीच्या माणसाच्या घरात गूळ असतोच. सगळं जुळलं.

फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. जिन्याखाली, पाण्याच्या मोटारीच्या बटणाच्या वर भिंतीवर, खडूनं पाटी लिहिलेली होती :

श्रावणात मटण, मच्छी, अंडी बंद. हुकमावरून, सोपानराव.

ही पाटी दिसायला साधी होती, पण तिच्यात दम होता. गेल्या श्रावणात रविराज नावाचा भाडेकरू अंडं उकडताना सापडला. अंडं सोलून होण्याआधी त्याचं सामान टेम्पोत होतं! आता तो रावेतला राहतो आणि मोशीचं नाव निघालं की पाणी पितो. ज्ञानेशला सातव्या महिन्यात बायको, गॅस, गादी आणि कुंड्या घेऊन रावेतला जायचं नव्हतं.

पण इकडे बाळाची लाळ होती!

*

सोमवारी तो चाकण रोडवरच्या, कुणी ओळखत नाही अशा दुकानातून खिमा घेऊन आला. जेवणाच्या डब्यात, डबा कंपनीच्या बॅगेत, बॅग पोटाशी. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर शालनबाई गहू निवडत होत्या.

"काय रं, रजा हाय म्हनत व्हतास. मंग डबा कशापायी?"

"सवय, काकू! डब्याशिवाय हात मोकळे मोकळे वाटतात!"

"आन् बॅग अशी धरलीयास, जनू तूच सात म्हयन्याचा हायस!"

ज्ञानेश हसला. ते हसू वरच्या पायरीपर्यंत पुरवलं, दार लावलं, खिडकी लावली आणि खिडकीच्या फटीत टॉवेल कोंबला. मग वास दाबायला उदबत्त्या लावल्या. आधी दोन. मग मनात शंका आली म्हणून अख्खा पुडा.

खोलीत आता असा धूर झाला की गॅस शोधायला मोबाइलचा टॉर्च लागला. त्या धुरात, डोळ्यांतून घळघळ पाणी काढत, ज्ञानेशनं गोळे वळले. प्रत्येक गोळा कॅलिपरनं मोजला. तीस मिलिमीटर, कमी-जास्त एक. बसला तो डाव्या ताटलीत : पास. नाही बसला तो उजव्या ताटलीत : रिजेक्ट. पास गोळे मोत्यासारखे गोल. रिजेक्ट गोळ्यांत काही चपटे, काही लांबट, आणि एक तर हुबेहूब त्याच्या सुपरवायझरसारखा.

तळले. रसात सोडले. गुळानं रंग धरला, सोया सॉसनं चमक धरली, तिळानं वर शोभा आणली. ज्ञानेशनं एक रिजेक्ट चाखला आणि भारावून भिंतीला म्हणाला, "आईशप्पथ!"

खाली सोपानराव अंगणातल्या खुर्चीत, उपाशी, नाक वर करून बसले होते. गच्चीवरून पांढरा धूर झुळूझुळू खाली उतरत होता.

"सोमवारची पूजा मांडल्याली दिसतीया पोरानं," ते कुणाला तरी, बहुतेक शंकरालाच, म्हणाले. "भक्तिमान हाय. जा गं शालन, परसाद घिऊन ये."

*

दारावर थाप पडली.

"कोण?"

"म्या. दार उघड, का कोंडून मरतुयास?"

दार उघडलं. धुराचा एक लोट शालनबाईंना ओवाळून गेला. देव दिसला नाही. दिसल्या दोन ताटल्या, त्यांत तपकिरी चकचकीत गोळे, मध्ये कॅलिपर.

"ह्ये काय?"

"कोफ्ते, काकू! दुधीचे! दुधी भोपळ्याचे!"

शालनबाईंनी एक श्वास आत घेतला. तो बराच वेळ आत ठेवला. मग सोडला.

"दुधी व्हय," त्या म्हणाल्या. "वाटीभर दे."

"मीठ जास्त झालंय!"

"असूं दे."

"कच्चे आहेत, काकू!"

"कच्चा दुधी पोटाला बरा."

"खाली पडले होते सगळे!"

"मंग धुऊन दिऊ. आन हिकडं!" आणि पदराखालून वाटी काढून त्यांनी स्वतःच्या हातानं नेमके पास गोळे भरले, वर रस ओतला, वाटी पदराखाली घातली. "खाली पानं वाढायची येळ झाली," म्हणत जिना उतरल्यासुद्धा!

ज्ञानेश उभा राहिला. हातात रिकामा डाव.

खाली पानं. पानावर सोपानराव. सोपानरावांचा श्रावण, आयुष्यभर एकदाही न मोडलेला. आणि तो मोडणार कशानं? ज्ञानेशनं खास परिश्रमानं तीस मिलिमीटरच्या केलेल्या कोंबडीनं!

सांगावं तर खोली गेली. न सांगावं तर म्हाताऱ्याचं व्रत गेलं, तेही आपल्या हातानं. इन्स्पेक्टर माणूस. खराब माल माहीत असून पुढे सोडायचा? त्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच रिजेक्ट झाल्यासारखं वाटलं.

तो पळाला. जिना असा वाजला की शेजारच्या गल्लीत लोकांना टँकर आला वाटलं.

सोपानराव पाटावर बसले होते. ताटाभोवती पाणी फिरवून झालं होतं, डोळे मिटून हात जोडून झाले होते. ताटात, भाताशेजारी, काहीतरी तपकिरी, गोल, तेलानं चमकणारं. सोपानरावांनी ते उचललं. तोंड उघडलं.

"काकाऽऽ! थांबा! कोंबडी हाय ती!"

आणि ज्ञानेशनं झेप घेऊन ताट ओढलं! वरण ज्ञानेशच्या डोक्यावर, भात भिंतीवर, आणि तो गोल पदार्थ घरंगळत थेट देव्हाऱ्याखाली.

फ्रिजनं तेवढा घसा खाकरला.

सोपानरावांनी वाकून पदार्थ उचलला. उजेडात धरला. देठ धरून फिरवला.

"वांगं हाय," ते हळू म्हणाले. "भरल्यालं. ह्याला तुमच्या परभनीत कोंबडी म्हनत्यात?"

"नाही काका. म्हणजे... कोंबडीचे गोळे मी केले होते. वर. श्रावणात. वर्षालीला डोहाळा लागला म्हणून. काकूंनी वाटी नेली, मला वाटलं तुम्हाला वाढणार. तुमचं व्रत मोडू नये म्हणून..." वरण त्याच्या नाकावरून ठिबकत होतं. "उद्या खोली रिकामी करतो. पण आज पाप नको."

सोपानराव बायकोकडे वळले. "वाटी कुठाय?"

शालनबाईंनी छताकडे बघितलं. तेवढ्यात आतल्या खोलीतून चमचा वाटीला घासल्याचा आवाज आला. बारीक, निकराचा, शेवटचा रस निपटण्याचा. पडदा सरकला. सून सायली उभी. हनुवटीला तीळ चिकटलेला.

"अजून हायत का वर?" तिनं विचारलं.

"शालन!" सोपानराव गरजले. "घरात? श्रावणात? सोमवारचं?"

"मंग काय करू?" शालनबाई दुप्पट गरजल्या. "तिसरा म्हयना लागलाय तिला! चार दीस झालं, कोंबडी कोंबडी म्हनून झोपंत बोलतीया! कोंबडीचा वास काय उदबत्तीनं जातुया व्हय? जिन्यातच वळखला म्या!"

सोपानरावांचं तोंड उघडंच राहिलं. मघाशी वांग्यासाठी उघडलं होतं, आता वांगंच विसरले होते.

"तिसरा म्हयना? आन् मला कुनी सांगितलं न्हाई?"

"आज सकाळी सांगनार व्हतो. तुमी उपाशी असला का कोन बोलतंय तुमच्याशी?"

सोपानराव खाली बसले. पुन्हा उठले. भिंतीवरचा भात बघितला, सुनेच्या हनुवटीवरचा तीळ बघितला, ज्ञानेशच्या डोक्यावरचं वरण बघितलं.

"नातवाची लाळ गळाया लागली म्हंजी तुमी पुसनार हाव का?" शालनबाईंनी शेवटचा घाव घातला.

सोपानराव बाहेर गेले. ज्ञानेशला वाटलं, टेम्पोवाल्याला फोन. पण मोटारीजवळून खडू घासल्याचा आवाज आला. पाटीवर आता एक ओळ जास्त होती :

गर्भार बाया सोडून.

"आन् तू," ते ज्ञानेशला म्हणाले. आवाज कडक होता, पण डोळ्यांत काहीतरी वेगळंच चमकत होतं. "रावेतला बिवेतला जायचं न्हाई. पुढल्या सोमवारी परत कर. मला वांगंच वाढा, पर तसंच गोल वळून."

*

वर्षाली संध्याकाळी आली तेव्हा फक्त रिजेक्ट गोळे उरले होते. ज्ञानेशनं ते शरमेनं वाढले. सुपरवायझरसारखा दिसणारा खाली दडपला.

तिनं एक खाल्ला. थांबली.

"अहो, हे चिकनचे केलेत?"

"मग! अस्सल! काय काय सोसलंय त्यापायी, विचारू नको!"

वर्षालीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग तिला त्याच्या केसांत वाळलेलं वरण दिसलं, कॉलरवर उदबत्तीची राख दिसली, लाल झालेले डोळे दिसले. तिनं त्या उघड्या तोंडात दुसरा गोळा घातला.

"आमच्या कँटीनपेक्षा भारी झालेत," ती म्हणाली, आणि सगळे संपवले.

वर्षालीच्या कंपनीचं कँटीन पहिल्या दिवसापासून शुद्ध शाकाहारी आहे.