टिपणीसांचं नाक

दिगंबर टिपणीस पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा त्यांनी माझ्याशी हात मिळवायच्या आधी आमच्या सोफ्याचा वास घेतला. चांगले कमरेत वाकून, डोळे मिटून, उशीला नाक लावून. मग सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "ऐक! नवी कोरी छत्री. अजून प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी वडिलांनी आणलेली."

मी मंजिरीकडे पाहिलं. माझ्या बायकोने सोफ्याकडे पाहिलं. शैलावहिनी, म्हणजे मिसेस टिपणीस, दाराशी शांतपणे चपला काढत होत्या. आपला नवरा लोकांचं फर्निचर हुंगतोय याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. उलट त्यांनी विचारलं, "काळी की रंगीत?"

"काळी," टिपणीस म्हणाले. "लाकडी मुठीची."

मग त्यांनी माझा हात हातात घेतला.

मस्कतमध्ये अल् घुब्राला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, ते चौथ्या. टिपणीस एका पाण्याचे पंप विकणाऱ्या कंपनीत होते. मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला. मस्कतमधली मराठी माणसं भेटली की शाळा, घरभाडं आणि विमानाची तिकिटं यांवर बोलतात. टिपणीस वासावर बोलायचे. चहाचा, कुरिअरने आलेल्या खोक्याचा, आमच्या मुलाच्या दप्तराचा, कशाचाही. आणि नुसतं 'छान' किंवा 'घाण' असं ते कधी म्हणत नसत. प्रत्येक वासातून एक अख्खा प्रसंग निघायचा. गाडीत पेट्रोल भरताना हा माणूस काच खाली करून सांगायचा, "ऐक! एस्टी स्टँड. पहाटेची गाडी. मामा खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतोय."

मंजिरीला त्या 'ऐक'चा भारी राग. "तुला 'ऐक' म्हणाले तर म्हणू देत, तू त्यांच्याहून लहान आहेस," ती म्हणायची, "पण मला? एरवी मला 'अहो मंजिरीताई' म्हणतात, आणि वास आला की एकदम 'ऐक'! मी काय त्यांची बायको आहे?"

गंमत म्हणजे, ते नाक तसं फारसं भरवशाचं नव्हतं. एकदा आम्ही चौघं बेसमेंटच्या पार्किंगमधून लिफ्टने वर जात होतो. तळमजल्यावर हनीफभाई आत आले. ते रत्नागिरीकडचे, सीबच्या सुकात, म्हणजे तिथल्या बाजारात, त्यांचं किराणा मालाचं दुकान. त्यांच्या हातात एक पिशवी होती. दार बंद झालं आणि मी श्वास रोखून धरला. टिपणीसांनी मात्र डोळे मिटले.

"ऐक! कुणाकडे तरी बासमती शिजतोय. साजूक तुपावर चार लवंगा."

हनीफभाईंनी ओशाळून पिशवी मागे घेतली. "साहेब, सुकट हाय ही."

"असेल," टिपणीस जराही न डगमगता म्हणाले. "सुकटीच्या मागे भात आहे."

हनीफभाई इतके हसले की त्यांचा मजला निघून गेला. शैलावहिनी मान खाली घालून पदराशी चाळा करत होत्या, पण त्यांचेही खांदे हलत होते.

मत्रा सुकातला लोबान विकणारा म्हातारा तर टिपणीसांना लांबून बघूनच निखारा फुलवायला घ्यायचा. हिरवट खडे सगळ्यात महाग, मग पिवळे, मग तांबूस. टिपणीस ओळीने सगळ्यांचा धूर घ्यायचे आणि शुद्ध मराठीत भाष्य करायचे. म्हातारा प्रत्येक वाक्याला "इन्शाल्ला, इन्शाल्ला" म्हणायचा. एकदा हिरव्या खड्यांवर ते नुसतंच "कपाट" म्हणाले. आणि सगळ्यात स्वस्त तांबड्या खड्यावर सुरू झाले, "ऐक! देवळाबाहेर चपला सांभाळत बसलोय. आत आरती चाललीये. धूर एवढ्या लांब येईपर्यंत दमलाय, म्हणून पायरीवर टेकलाय." वहिनींनी अर्धा किलो तांबडे खडे घेतले. म्हाताऱ्याने कपाळावर हात मारून घेतला. खलास!

एकदाच मला त्यांचा राग आला होता. त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो आणि वरण बुडाला लागलं होतं. दारातच कळत होतं. आम्ही दोघं काही बोललो नाही. वहिनी वाढायला लागल्या आणि हा गृहस्थ मोठ्याने म्हणाला, "ऐक! वरण लागलंय. पण चुलीवरचं लागतं ना, तसं. शेतावरचं." वहिनींचा चेहरा क्षणभर उतरला, मग सावरला. घरी येताना मंजिरी म्हणाली, "चारचौघांत बायकोचं वरण काढायचं काही कारण होतं का?" मलाही ते पटलं.

दोन-तीन वर्षं अशी गेली आणि एका उन्हाळ्यात, मस्कत तापून लाल झालेलं असताना, आम्ही चौघांनी फ्रान्सला जायचं ठरवलं. मुलाला आजीकडे पाठवलं. पॅरिस बघून झाल्यावर भाड्याची गाडी घेऊन दोन दिवस खेड्यापाड्यांत हिंडायचं, असा मंजिरीचा बेत. त्यात तिने एका लहानशा गावातलं वाइन टेस्टिंग घातलं होतं. एरवी कशालाही "यल्ला!" म्हणून तयार होणारे टिपणीस तेव्हा एकदम अडले.

"वाइन? नको. मला काय कळतंय त्यातलं? वर्षातून एक बिअर पिणारा माणूस मी."

"पण टिपणीस, तिथे नाकाचंच काम असतं म्हणे," मी म्हणालो. "तुमच्यासाठीच काढलाय तो प्रकार."

"तिथली माणसं त्यातली जाणकार असतात हो. उगीच आपलं..."

वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं. मला आश्चर्य वाटलं. आणि त्याहून आश्चर्य म्हणजे, जन्मात दारूला न शिवलेल्या शैलावहिनी म्हणाल्या, "जाऊ या की. मला बघायचंय."

विषय संपला.

गाव म्हणजे पन्नासेक दगडी घरं, एक चर्च आणि चहूकडे द्राक्षांचे मळे. दुपारची वेळ, रस्त्यावर एक मांजर सोडून कुणी नाही. आमची यजमानीण सत्तरीची होती. पायात रबरी बूट, कमरेला एप्रन, आणि आवाज गणिताच्या बाईंसारखा. तिने आम्हाला घराखालच्या तळघरात नेलं. दोन्ही बाजूंना लाकडी पिंपं, मधे एक उभं टेबल, त्यावर चार ग्लास आणि एक पितळी बादली. तिचं इंग्रजी मोडकं, आमचं फ्रेंच शून्य, पण सूचना स्पष्ट होत्या. ग्लास फिरवायचा. वास घ्यायचा. घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा आणि बादलीत थुंकायचा.

"एवढ्या लांब येऊन चूळ भरायची?" टिपणीस माझ्या कानात म्हणाले आणि पहिला घोट सरळ गिळून मोकळे झाले. गाडी मला चालवायची होती, त्यामुळे मी इमानाने थुंकत होतो.

"आधी नाक," मादाम बोट वर करून म्हणाली. "मग तोंड. बोलायचं सगळ्यात शेवटी."

पण टिपणीसांना कोण थांबवणार? पहिल्या पांढऱ्या वाइनलाच त्यांनी डोळे मिटले. "ऐक! कंपासपेटी. आत पेन्सिलीचा भुसा, अर्धं खोडरबर आणि कुणीतरी लपवलेलं लिंबाचं लोणचं."

मादामने 'काय म्हणतात हे?' असं मंजिरीकडे पाहिलं. मंजिरीने इंग्रजीत सांगितलं. मादामने भुवया उंचावल्या, स्वतःच्या ग्लासात नाक घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलंच नाही. तिच्या हिशेबात तिथे सफरचंद असायला हवं होतं.

दुसरी लाल होती. "ऐक! ओल्या गोणपाटात बांधलेली जांभळं. गोणपाट बैलगाडीत. बैल नुकताच धुतलेला."

"बैल?" मादाम म्हणाली.

"धुतलेला," मंजिरीने खालच्या मानेने खुलासा केला.

तिसरी ओतल्यावर मात्र मादामने तळहात पुढे केला. "मुस्यू, तुम्ही फार बोलता. इथे दुसऱ्यांनाही नाक आहे." आणि ती शैलावहिनींकडे वळली. "आता मॅडम सांगतील. काय वास येतोय?"

वहिनींच्या हातात ग्लास होता. नाकाशी धरलेला. त्यांनी टिपणीसांकडे पाहिलं. मादाम मधे उभी राहिली आणि पुन्हा म्हणाली, "नवऱ्याकडे नाही. ग्लासाकडे."

तेवढ्यात टिपणीसांच्या हातातला ग्लास कलंडला आणि सगळी लाल वाइन त्यांच्या पांढऱ्या शर्टावर सांडली. हे मी अगदी शेजारून पाहिलं. ग्लास निसटला नव्हता. त्यांनी तो स्वतःच्या अंगावर ओतून घेतला होता.

"अरे अरे अरे! सॉरी, सॉरी! बघा काय वेंधळा माणूस आहे मी!" ते मोठमोठ्याने बोलायला लागले. "मादाम, पाणी? वॉटर? शैला, रुमाल दे गं!"

"अहो, राहू द्या," वहिनी म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच शांत. मग त्या मादामकडे वळून साध्या इंग्रजीत म्हणाल्या, "मला वास येत नाही. कसलाच नाही. खूप वर्षं झाली."

मादामला आधी कळेना. वहिनींनी नाकाला बोट लावलं आणि मान हलवली. टिपणीस शर्टाकडे बघत उभे होते.

मादामने "अरेरे" वगैरे काही केलं नाही. तिने वहिनींच्या हातातला ग्लास काढून घेतला, त्यात चमचाभर वाइन ठेवली, बाकीची बादलीत ओतली आणि तो परत दिला. "मग नाक सोडा," ती म्हणाली. "तोंड आहे ना? घ्या. गाल, जीभ, घसा, सगळं विचारा त्यांना. आम्ही थांबतो."

वहिनींनी घोट घेतला. थुंकला नाही. पदराने ओठ टिपले आणि मराठीतच बोलायला लागल्या, थांबत थांबत, जणू आतून कुणी सांगतंय आणि त्या पुढे कळवताहेत.

"आधी गार. विहिरीच्या पाण्यात पाय सोडल्यावर वाटतं तसं. मग गालांना आतून काहीतरी बसलं... केळफूल चिरलं की बोटांना बसतं, तसं. तुरट. जीभ खरखरीत झाली, मांजराची असते तशी. आणि आता घशातून खाली कोमट कोमट उतरतंय. कुणीतरी जिन्यावरून दिवा घेऊन चाललंय."

मंजिरीने भाषांतर करायला तोंड उघडलं आणि तिला ते जमेना. मादामने ते मागितलंही नाही. ती वहिनींच्या हातांकडे बघत होती. मग तिने सगळ्यात मागच्या रांगेतली एक धूळ बसलेली बाटली आणली. ती आमच्या यादीत नव्हती.

टिपणीस भिंतीला टेकून बायकोकडे बघत होते.

थोड्या वेळाने मादाम त्यांना अंगणातल्या नळावर घेऊन गेली, शर्टाचा डाग काढायला. आम्ही तिघं बाहेरच्या दगडी बाकावर बसलो. वहिनींनीच सुरुवात केली.

"मस्कतला आल्या आल्या ताप आला होता मला. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत. नाही आला." तापाने वास जातो, हे त्या काळी आम्हाला ऐकूनही माहीत नव्हतं. "दूध उतू जायचं, जळायचं, कळायचं नाही. पण त्याचं काही नाही हो. लेक शाळेतून आली की मी तिचं डोकं हुंगायचे. घामट, उन्हाचं. ते गेलं. त्या दिवशी खूप रडले. तर हे तिच्या डोक्याला नाक लावून बसले आणि म्हणाले, ऐक, मी सांगतो."

मंजिरीने माझ्याकडे पाहिलं. तो 'ऐक' इतकी वर्षं कुणासाठी होता, ते आम्हाला तेव्हा कळलं. आम्ही बाकीचे सगळे नुसते शेजारी उभे होतो.

"नशीब तुमचं," मंजिरी म्हणाली, डोळे पुसत. "नाक तरी किती तीक्ष्ण आहे टिपणीसांचं."

"त्यांचं?" वहिनी हसायलाच लागल्या. "अहो, बाराही महिने चोंदलेलं असतं ते. एसी आणि धूळ. ऑपरेशन सांगितलंय डॉक्टरांनी, पण सुईला घाबरतात. जळलेल्याचा वास तेवढा त्यांना येतो. बाकी निम्म्याहून जास्त थापा."

"तुम्हाला माहितीये?"

"सुकटीला बासमती म्हणतात, अजून काय माहीत व्हायचं?" मग जरा थांबून म्हणाल्या, "त्यांना वाटतं मला कळत नाही. तुम्ही बोलू नका हं. रोज काहीतरी नवीन शोधून आणतात बिचारे. खरे वास येत होते तेव्हासुद्धा मला इतकं काही येत नव्हतं."

टिपणीस आले. शर्ट ओला, छातीवर मोठा गुलाबी डाग. मादामने जाताना वहिनींच्या दोन्ही गालांना गाल लावले, टिपणीसांना नुसतं "बैल!" म्हणाली आणि हसत आत गेली. समोरच्या मळ्यातून ट्रॅक्टर जात होता, कुठेतरी गवत कापलं जात होतं. मी 'ऐक!'ची वाट पाहिली. टिपणीस वहिनींच्या शेजारी बसले आणि अगदी हळू, परक्या घरी पाणी मागावं तसं म्हणाले, "शैला, ते जिन्यावरून दिवा घेऊन... कोण चाललं होतं?"

"आई वाटली मला," वहिनी म्हणाल्या.

"तुझी की माझी?"

"थांबा, सांगते."

दोघं उठले आणि मळ्याच्या कडेने गाडीच्या दिशेने निघाले. वहिनी हातवारे करत बोलत होत्या. टिपणीस हात मागे बांधून, मान एका बाजूला कलती करून ऐकत होते. मधेच थांबायचे, काहीतरी विचारायचे, आणि वहिनी पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या.

आम्ही केव्हाच गाडीत येऊन बसलो होतो. मुक्कामाचं हॉटेल लांब होतं, उशीर होत होता. मी हॉर्नवर हात ठेवला. मंजिरीने तो उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि गाडीचं इंजिन बंद केलं.